निकेलचा मंगळवार

८ मार्च २०२२, मंगळवार. ही तारीख मी विसरत नाही, त्याला दोन कारणं. त्या दिवशी महिला दिन होता आणि कोअर शॉपमधल्या, म्हणजे साच्यासाठी वाळूचे गाभे बनवणाऱ्या, बायकांना द्यायला मी आदल्या दिवशीच गुलाब सांगून ठेवले होते. आणि त्याच दिवशी, आठवड्यापूर्वी २,००० रुपये किलोनं मिळणारी वस्तू मी ६,४०० रुपये किलोनं घेतली. तीही पैसे आधी भरून.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, खरेदी बघतो. पिग आयर्न, स्क्रॅप, फेरो सिलिकॉन, वाळू, रेझिन, हातमोजे, चहाची पावडर, सगळं माझ्याकडंच. आमचं मुख्य काम साध्या बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि त्याहून चिवट अशा एसजी बिडाचं. पण कोपऱ्यात ५०० किलोची एक छोटी इंडक्शन भट्टी आहे, तिच्यावर आम्ही नाय-रेझिस्ट ओततो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या पंपाचे भाग साध्या बिडाचे केले तर गंजून जातात, म्हणून त्या बिडात २० टक्क्यांच्या आसपास निकेल घालतात. म्हणजे शंभर किलो कास्टिंगमागं वीस किलो निकेल. काम थोडं, पण पैसा बरा.

मार्चअखेर पुण्याच्या एका पंपवाल्यांना १,८०० किलोचा लॉट द्यायचा होता. दर ठरलेला, तारीख ठरलेली, उशीर झाला तर दंड ठरलेला. त्याला साधारण ३७५ किलो निकेल लागणार होतं आणि स्टोअरमध्ये होतं ११०. उरलेल्या २६५ किलोंचं इंडेंट, म्हणजे खरेदीचं मागणीपत्र, २८ फेब्रुवारीपासून माझ्या टेबलावर पडून होतं.

ते का पडून होतं हे आधी सांगतो, नाहीतर पुढची सगळी गोष्ट दुसऱ्यांच्या डोक्यावर खापर फोडल्यासारखी होईल. २४ फेब्रुवारीला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. जगातलं चांगल्या प्रतीचं निकेल पुरवणाऱ्यांत रशिया मोठा, त्यामुळं दर चढायला लागला होता. मी मनाशी म्हटलं, आठ दिवसांत मिटेल, दर खाली येईल, मग घेऊ. दादांना, म्हणजे आमच्या मालकांना, मी सांगितलंही, "थोडं थांबूया." हा सट्टाच होता. फक्त माझ्याकडं स्क्रीन नव्हता आणि मला कुणी सटोडिया म्हणत नव्हतं.

सोमवारी रात्री जेवताना फोन बघितला. धातूंचा जगभरचा दर जिथं ठरतो त्या लंडन मेटल एक्स्चेंजवर शुक्रवारी टनाला २९,००० डॉलरच्या आसपास असलेलं निकेल सोमवारी ४८,००० वर बंद झालं होतं. मला वाटलं ॲपमध्ये काहीतरी बिघाड असणार. बायको म्हणाली, भाकरी गार झाली.

मंगळवारी सकाळी तावडे हॉटेलजवळ चहाला थांबलो तेव्हा बाजार उघडलेला होता आणि दर आणखी वर. ऑफिसात पोचून खुर्चीवर बसायच्या आत फोन सुरू झाले. मुंबईचा नेहमीचा पुरवठादार म्हणाला, "आज रेट नाही. उद्या पण सांगू शकत नाही." पुण्याचा फोन उचलेना. एकाचा मेसेज आला, आधी दिलेले सर्व दर मागे घेतले आहेत. वीस वर्षांत दर वाढलेला बघितला होता, पण दरच नाही हे पहिल्यांदा बघत होतो. बाजारात गेलो आणि भाजीवाली पाटी झाकून म्हणाली, "आज विकायचीच न्हाई," तसं.

साडेअकरा वाजून गेल्यावर आकडा एक लाखाच्या पलीकडं गेला. टनाला एक लाख डॉलर. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा मोजलं. डॉलर तेव्हा ७७ रुपयांच्या घरात होता. म्हणजे किलोला ७,७०० रुपये. शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट म्हणाला, "चांदी किती झाली?" मी म्हटलं, "चांदी नव्हे रे, निकेल." तो परत त्याच्या टॅलीत गेला.

शहरातल्याच एका व्यापाऱ्याकडून आम्ही अधूनमधून किरकोळ माल घेतो. त्यांना फोन लावला.

"शेठ, निकेल किती आहे?"

"साहेब, एक किलो न्हाई. सकाळपासनं हा अकरावा फोन."

"कुठनं तरी बघा की. मार्चअखेरचं डिस्पॅच आहे."

"मुंबईला बोलून बघतो. पण दर आजचा लागंल. स्क्रीन तुमच्यासमोरच हाय."

दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला. "दीडशे किलो मिळतंय. सहा हजार चारशे. जीएसटी वेगळा, पैसे आधी. पंधरा मिनटं धरून ठिवतो, मग माझ्या हातात न्हाई."

स्क्रीन तेव्हा एक लाखावरून ८०,००० च्या दिशेनं घसरत होता. म्हणजे शेठचा दर त्या घटकेच्या स्क्रीनशी जुळणारा होता. पंधरा मिनिटांच्या त्या मुदतीनं माझं डोकं चालेनासं केलं. घासाघीस करायचं सुचलंच नाही.

दादा कोअर शॉपमध्ये होते. गुलाब वाटायचा कार्यक्रम चालू होता. तिथल्या मावशी ओळीत उभ्या, हाताला वाळू लागलेली, आणि दादा एकेकीला फूल देत होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "दादा, दीडशे किलो मिळतंय. जीएसटीसकट अकरा लाख तेहतीस हजार."

त्यांच्या हातातलं फूल तसंच राहिलं. समोरच्या मावशींना वाटलं त्यांचं काहीतरी चुकलं.

"गेल्या आठवड्यात किती बसलं असतं?"

"तीन लाख, अधिक जीएसटी."

मावशींना फूल देऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "नाही घेतलं तर?"

"लॉट जाणार नाही. दंड आहेच. पण दंडापेक्षा, ते लोक दुसरी फौंड्री शोधतील."

"घे," म्हणाले आणि पुढच्या मावशींकडं वळले. मला आजही वाटतं, त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ वाजून ५० मिनिटांनी आरटीजीएस गेलं. १ वाजून ३० मिनिटांनी टेम्पो गेटवर.

हे मला तिथं उभा असताना कळलं नाही. वॉचमननं गेटपासला वेळ घातली, मी सही केली, ड्रम उतरवला. मग स्टोअरकीपर पोरगा ड्रमच्या झाकणावर बोट फिरवत म्हणाला, "सर, मुंबईची धूळ लई जाड हाय की." झाकणावर बोटानं रेघ उमटली होती. मुंबईहून बोलवलेला माल चाळीस मिनिटांत शिरोलीत. ड्रायव्हरला विचारलं, "कुठनं भरलास?" त्याला काय माहीत आमच्यात काय बोलणं झालंय. म्हणाला, "शेठच्या गोडावनातनं. पार मागं होता, काढायलाच येळ लागला."

आत निकेलच होतं, कापलेले चौकोनी तुकडे, करड्या चांदीच्या रंगाचे, वजन बरोबर. एवढं तरी नशीब. पुढच्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, बातमी आली की लंडन मेटल एक्स्चेंजच्याच यादीवरच्या रॉटरडॅममधल्या एका गोदामात निकेल म्हणून नोंदवलेल्या पिशव्यांमध्ये दगड निघाले. नऊ वॉरंट, म्हणजे गोदामातल्या मालाच्या नऊ पावत्या, ५४ टन. ज्यांच्या कागदावर जगभरचा दर ठरतो त्यांच्या गोदामात पिशवी उघडून बघायला कुणी नाही, आणि आमच्याकडं बारावी झालेला पोरगा झाकणावरची धूळ सुद्धा बघतो.

पावणेदोन वाजता डबा उघडला तर ग्रुपवर मेसेज. लंडननं निकेलचे व्यवहार थांबवले. तिथं सकाळचे सव्वाआठ वाजले होते. दादांना सांगितलं, ते म्हणाले, "थांबवले म्हणजे?" मला तरी कुठं माहीत. मी आयुष्यात भट्टी थांबलेली बघितलीय, वीज थांबलेली बघितलीय, २०१९ च्या पुरात हायवे थांबलेला बघितलाय. बाजार थांबतो आणि दर हवेत लटकत राहतो, हे नवीन होतं.

संध्याकाळी खरी बातमी आली. त्या दिवशीचे सगळे निकेलचे सौदे एक्स्चेंजनं रद्द केले. साधारण १२ अब्ज डॉलरचे. जणू मंगळवार उजाडलाच नव्हता, शेवटचा दर म्हणजे सोमवार संध्याकाळचा.

मी ताबडतोब शेठना फोन लावला. मला आनंद झाला होता, हे कबूल करतो.

"शेठ, लंडननं आजचे सगळे सौदे रद्द केलेत. तो दरच राहिला नाही. आपण सोमवारच्या दरानं बिल करूया. तरी तुम्हाला ३,७०० पडतात."

"साहेब, लंडननं केलं असंल रद्द. माझ्या बिलावर लंडन लिवलंय का कुठं?"

"पण दर तर तुम्ही स्क्रीन बघूनच लावला."

"आणि तुम्ही बी स्क्रीन बघूनच घेतला की. उद्या दोन लाख झालं असतं तर मला फोन करून वरचे पैसे दिले असता का?"

याला उत्तर नव्हतं, आजही नाही. मी धुळीचं बोललो नाही. बोलून काय होणार होतं? माल त्यांचा, गोदाम त्यांचं. निकेल काही रेशनवरची साखर नाही की साठा केला म्हणून पुरवठा खातं येईल. दोन शहाण्या माणसांनी ठरवलेला दर, त्यावर सही, त्यावर जीएसटी. कायद्यानं त्यांचं काहीच चुकलेलं नव्हतं. "एक किलो न्हाई" हे तेवढं खोटं होतं, आणि बाजारात खोटं बोलण्यावर जीएसटी लागत नाही.

लंडनमध्ये नेमकं काय झालं ते मला पुढं बातम्या जुळवत जुळवत समजलं. आमच्या मेल्टर मामांना, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्या मामांना, मी ते गुळाच्या भाषेत सांगितलं होतं, तेच इथं सांगतो.

समज, मामा, एक मोठा गुऱ्हाळवाला आहे. जगात त्याच्याएवढी काहिली कुणाचीच नाही. दर पडणार असं त्याला वाटतंय, म्हणून त्यानं मार्केट यार्डात पुढच्या महिन्याचे हजारो एक नंबरचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आजच विकून टाकलेत. हातात माल नसताना. दर पडला की स्वस्तात भरून देईन, असा हिशेब. चीनच्या चिंगशान कंपनीनं निकेलमध्ये हेच केलं होतं. तिचे मालक शियांग ग्वांगदा, बाजारात त्यांना 'बिग शॉट' म्हणतात. दीड लाख टनांहून जास्त निकेल असं विकून ठेवलेलं.

मामा म्हणाले, "मग त्येच्याकडं गूळ असणारच की."

तिथंच मेख होती. त्याच्याकडं काकवी होती. चिंगशान इंडोनेशियात जे काढते ते निकेल पिग आयर्न, त्यात निकेल दहा-पंधरा टक्के, बाकी लोखंड. स्टेनलेस करायला ते उत्तम. पण लंडनच्या गोदामात ९९.८ टक्के शुद्धच चालतं. विकले रवे आणि घरात काकवीचे डबे. यार्डात कोण घेणार? त्यात सगळ्या लंडनच्या गोदामांत मिळून त्या वेळी एक लाख टनसुद्धा निकेल नव्हतं. युद्धानं दर चढला तसे समोरच्यांनी गळा धरला. तोटा भरायला बँका रोज पैसे मागणार, पैसे नसले तर विकलेलं परत विकत घ्यायचं, आणि विकत घ्यायला गेलं की दर आणखी चढणार. आपल्याच पायात पाय अडकून पडणारा माणूस. यातले बरेचसे सौदे बँकांशी बाहेरच्या बाहेर झालेले, त्यामुळं एक्स्चेंजला पूर्ण आकडा दिसतच नव्हता.

मामांनी विचारलं, "मग ह्यात चोर कोण?"

मला अजून नक्की सांगता येत नाही. १९९६ च्या तांब्याच्या प्रकरणात सांगता येतं. सुमितोमो कंपनीचा हमानाका नावाचा सौदेगर वर्षानुवर्षं तांबं विकत घेऊन गोदामात दाबून ठेवायचा आणि वायद्यात दर वर धरायचा. जगातल्या तांब्याच्या व्यापारातला पाच टक्के वाटा एकट्याच्या हातात म्हणून त्याला 'मिस्टर फाइव्ह पर्सेंट' म्हणायचे. शेवटी कंपनीला २.६ अब्ज डॉलरचा खड्डा पडला आणि तो तुरुंगात गेला. तिथं चोर दिसतो. निकेलमध्ये एकानं नसलेलं विकलं, दुसऱ्यांनी त्याला आवळलं, आणि पंचानं ऐन डावात शिट्टी वाजवून कुस्तीच झाली नाही असं जाहीर केलं. खासबागेत असं झालं असतं तर पंच घरी चालत गेला नसता.

ज्यांचा फायदा बुडाला ते कोर्टात गेले. एलियट आणि जेन स्ट्रीट नावाच्या बड्या अमेरिकन कंपन्या. लंडनच्या हायकोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये एक्स्चेंजच्या बाजूनं निकाल दिला, अपिलातही तोच टिकला. पण मार्च २०२५ मध्ये तिथल्या वित्तीय नियामकानं एक्स्चेंजला ९२ लाख पौंडांच्या वर दंड ठोकला. त्यामागचं कारण मी वाचलं आणि मला आमची नाइट शिफ्ट आठवली. लंडनच्या घड्याळानं पहाटेच्या वेळात ड्युटीवर कनिष्ठ कर्मचारीच होते. दर एका दमात फार उसळू नये म्हणून सिस्टीममध्ये पट्ट्या आखलेल्या असतात. त्या कशासाठी आहेत हे त्यांना कुणी नीट शिकवलेलंच नव्हतं. सौदे अडकायला लागले म्हणून त्यांनी त्या पट्ट्या आधी सैल केल्या, मग काढूनच टाकल्या.

आमच्याकडं एका रात्री नेमकं हेच झालं होतं. भट्टीचा ग्राउंड लीकेजचा अलार्म सारखा ट्रिप मारत होता म्हणून नव्या पोरानं तो बायपास केला आणि हीट चालू ठेवली. तो अलार्म म्हणजे पातळ झालेल्या अस्तरातनं लोखंड कॉइलपर्यंत पोचतंय याची खूण. पोचलं की पाणी आणि वितळलेलं बीड एकत्र, आणि मग वर छप्पर राहत नाही. मामा चहाला गेले होते, परत आले, पॅनेल बघितलं आणि आधी भट्टी बंद केली, मग पोराला धरलं. लंडनमध्ये त्या पहाटे मामा चहाला गेले होते, एवढंच मी म्हणेन.

पुन्हा मंगळवारकडं येतो, कारण दिवस संपला नव्हता. १५० आले, ११० होते. अजून ११५ किलो निकेल कमी होतं आणि त्या दरानं पुन्हा घ्यायची कुणाची छाती नव्हती. पाच वाजता मी शेडबाहेर कट्ट्यावर बसलो होतो. मामा पहिली शिफ्ट संपवून निघाले होते, सायकल स्टँडला लावून परत आले.

"किती कमी पडतंय?"

"सव्वाशे धरा, जळीसकट."

"मागं रिजेक्शनचा ढीग हाय. त्यात नायरेझिस्टचं लई पडलंय. जुनं. तुम्ही यायच्या आधीचं."

ढीग मला माहीत होता. कंपाउंडच्या भिंतीला लागून, वर गवत उगवलेलं, दहा-बारा टन रिजेक्ट कास्टिंग, सगळं गंजून एकाच रंगाचं. कधी भाव बरा आला की भंगारात काढू म्हणून ठेवलेलं. त्यात साधं बीड कुठलं आणि नाय-रेझिस्ट कुठलं, हे कसं ओळखायचं?

मामांनी खिशातनं चुंबक काढला. जुन्या स्पीकरचा, काळा, गोल. ढिगातल्या एका पंप केसिंगला लावला, खट्कन चिकटला. दुसऱ्याला लावला, चिकटला. तिसरं हाताएवढं इंपेलर होतं, त्याला लावला आणि सोडला. चुंबक खाली गवतात पडला.

"ह्यो बघा तुमचा लंडनचा माल."

मला हे पुस्तकात शिकवलं होतं. निकेल एवढं असलं की बिडाची घडणच बदलते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. पण दिवसभर मी जगभर फोन फिरवले आणि भिंतीपलीकडं जाऊन बघायचं मला सुचलं नव्हतं. गंमत अशी की नुसतं निकेल चुंबकाला चिकटतं, नुसतं बीडही चिकटतं, आणि दोन्ही एकत्र आली की चिकटत नाहीत.

मग सुरू झालं. स्टोअरचा पोरगा, फेटलिंगची, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारी, दोन माणसं, मी आणि मामा. कोअर शॉपच्या मावशी घरी निघाल्या होत्या, त्यातल्या तिघी केसात गुलाब तसाच ठेवून थांबल्या. स्टोअरमधनं आणखी चार चुंबक आणले. लाव, सोड, पडलं की बाजूला. चिकटलं की परत ढिगात. अंधार पडला तेव्हा शेडचा हॅलोजन भिंतीकडं वळवला. एका मावशींनी मध्येच विचारलं, "सर, न चिकटलेलं एवढं महाग का हो?" मी काहीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी माणसागत हाय."

साडेनऊला काटा केला. ६४० किलो. दुसऱ्या दिवशी चार नमुने स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते सांगणाऱ्या यंत्रावर, घेतले, निकेल १९ ते २१ टक्क्यांत आलं. ६४० किलोत साधारण १२८ किलो निकेल. गंज काढायला शॉट ब्लास्टला दोन दिवस गेले, स्लॅग जास्त आला, मामा भट्टीशेजारून हलले नाहीत. लॉट २९ मार्चला पुण्याला गेला.

आम्हाला त्यात फायदा झाला नाही. त्या दीडशे किलोंनी खाल्ला. पण त्या रात्री दादांना हुपरीहून त्यांच्या मेहुण्यांचा फोन आला होता, त्यातनं एक बरी गोष्ट निघाली. मेहुणे चांदीचे धडी उत्पादक, पैंजण करतात. दादांनी त्यांना दिवसभराची कर्मकथा सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही दर धरून काम घेताच कशाला? आमच्याकडं चांदीची उधारी चांदीतच. वजनानं घ्यायची, वजनानं फेडायची. घट ठरलेली, मजुरी वेगळी. चांदी वर गेली काय, खाली आली काय, आपलं पोट मजुरीवर."

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मला म्हणाले, "पुण्याला पत्र टाक. पुढच्या ऑर्डरला निकेल त्यांनी द्यायचं. वजनानं. आपण घट धरायची आणि ओतायची मजुरी घ्यायची." पुण्याच्या खरेदीवाल्या मॅडमनी आधी नाही म्हटलं, मग त्यांनाही कुणीतरी ७,७०० चा हिशेब दाखवला असावा. एप्रिलपासून नाय-रेझिस्ट तसंच चालतं. वीस वर्षं मी एमबीए झालेल्या लोकांचे हेजिंगवरचे, म्हणजे दराच्या चढउतारापासून बचावावरचे, सेमिनार ऐकले, हॉटेलात, बुफेसकट. त्यातल्या एकानंही हुपरीचं नाव घेतलं नव्हतं.

१६ मार्चला लंडननं निकेल परत सुरू केलं, दिवसाला पाच टक्क्यांच्या मर्यादेनं. पहिल्याच दिवशी काही मिनिटांत तांत्रिक बिघाड होऊन पुन्हा थांबलं. मग पायरी पायरीनं दर उतरत गेला. शेवटच्या आठवड्यात शेठचा फोन आला.

"साहेब, निकेल लागतंय का? दर लई उतरलाय."

"किती आहे?"

"किती पायजे सांगा की. टनभर आत्ता पाठवतो."

"मुंबईहून?"

पलीकडं क्षणभर शांतता. मग शेठ हसले, मनापासून.

"या वेळी ड्रम तेवढा पुसून पाठवा," मी म्हटलं.

"साहेब, धुळीचे पैसे आमी कुठं लावतो?"

दुसऱ्या एका छोट्या कामाला निकेल लागणार होतंच. मी चाळीस किलो सांगितलं.